गॅलरीतलं पाणी

धरण कोरडं असतं असं ज्याला वाटतं तो कधी धरणाच्या पोटात उतरलेला नसतो, असं आमचे वडील, आप्पा, म्हणायचे. कोयनेच्या भिंतीच्या आत गॅलरी आहे. अरुंद, ओलसर, भर मे महिन्यातही गार. तिथल्या नालीतून पाणी वाहत असतं. धरण पाझरणारच. पाझर एकाएकी वाढला किंवा नितळ पाणी गढूळ येऊ लागलं, तरच जीव धास्तावायचा. म्हणून नालीतल्या व्ही-नॉचवरची, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवरची, पाण्याची उंची बघायची, तलावाची पातळी शेजारी मांडायची, कालच्या आकड्याशी ताडून पाहायची. निवृत्त होऊन कऱ्हाडला घर बांधलं, तरी हे सांगताना आप्पा आवाज खाली आणत, आणि आम्हीही उगाच कान टवकारायचो.

ते कोयनेवर रुजू झाले भूकंपानंतर. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरलं, माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, भिंतीच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या सुमाराला, आडव्या भेगा पडल्या. मग भेगांत इपॉक्सी भरणं, मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देणं. अशा कामात नव्या ज्युनिअर इंजिनिअरच्या वाट्याला काय येणार? लेव्हल लावायची, एम. बी., म्हणजे मापांची वही, लिहायची, साहेबांची बोलणी खायची. भेग दिसली की आधी तिच्या टोकाशी तारीख घालायची, ही सवय मात्र तिथली, आणि ती जन्मभर राहिली.

गणपतीत ते क्वचितच घरी असत. धरण भरत आलेलं असायचं, सहा वक्र दरवाजे कधी उचलावे लागतील याचा नेम नाही. आरती आईच करायची. शाळेच्या बक्षीस समारंभांनाही ते नसायचे. कुटुंबवत्सल म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात आमचे आप्पा बसत नाहीत. पाठीवरून हात फिरवणं त्यांना जमलं नाही. पण मी पुण्याला वसतिगृहात असताना त्यांचं कार्ड आलं होतं: ‘तुझं अक्षर दिवाळीपासून मोठं होत चाललंय. डोळे तपासून घे.’ तपासले. नंबर वाढला होता. पत्रातला मजकूर त्यांनी वाचला होता की नाही, देव जाणे.

नातवंडांची उंची दाराच्या चौकटीवर सगळेच आजोबा मांडतात. आप्पांनी आधी भिंतीत एक खिळा ठोकून त्याला बेंचमार्क ठरवलं, आणि मापं त्यावरून घेतली. फरशीवरून का नाही? ‘उद्या फरशी बदलली तर पोरं बुटकी होतील.’ पुढे जुन्या शहाबादीवर टाइल्स बसल्या तेव्हा त्यांना झालेला आनंद काही केल्या लपत नव्हता.

आई रात्री किती वेळा उठते, चहात साखर कधीपासून कमी घालते, हे तिच्या आधी त्यांना ठाऊक असे. ते बोलायचे नाहीत. दवाखान्याचा नंबर लावून यायचे आणि सांगायचे, ‘दहाला निघायचंय.’ तिनं कटकट केली, की ते छत्री शोधायला लागत.

घर काळ्या मातीवरचं. उन्हाळ्यात जमीन आक्रसते, पावसाळ्यात फुगते. माजघराच्या भिंतीला एक तिरकी चीर गेली. आम्ही म्हटलं, लिंपून घेऊ. त्यांनी चिरेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली आणि खाली पेन्सिलीनं तारीख टाकली. भिंत हलली तर काच तडकेल. पाहुणे विचारत, हे काय? त्यांना धरणापासून सुरुवात करून सगळं ऐकावं लागे. काहींचा तर चहा निवायचा.

ते गेल्यावर वर्षानं घराला रंग काढला. रंगारी त्या भिंतीपाशी अडला. आम्हा भावंडांच्या तोंडून शब्द फुटेना. आईनं चष्मा पुसला, पट्टीजवळ जाऊन वरपासून खालपर्यंत निरखलं, नखानं दोन्ही टोकं दाबून पाहिली.

‘तडकलेली नाही,’ ती म्हणाली. ‘काढ ती काच, आणि भरून टाक.’