नट किती आवळायचा

पिकअपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गाडीमालकाला स्वतःच्या अंगणात बदलता येतं. गॅरेज हाच माझा धंदा असला तरी गिऱ्हाइकांना मी हे मोकळेपणानं सांगतो. गाडी मात्र जुन्या बांधणीची हवी, म्हणजे हबमध्ये आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर रोलर बेअरिंगं असलेली. सीलबंद हब असेल किंवा मागच्या एक्सलचं काम असेल, तर प्रेस लागते. तिथं घरी झटापट करू नये.

आमच्या निफाड भागात पावसाळा संपता संपता ही कामं वाढतात. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या गाड्या खड्ड्यांतून, साचलेल्या पाण्यातून पळालेल्या असतात. ऑइल सील थकलं असेल तर पाणी हबमध्ये शिरतं, ग्रीस पांढुरकं होतं आणि रोलर गंजू लागतात. भाराचा हिशेब वेगळाच. रोलर बेअरिंगवर सव्वापट भार टाकला तर त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. दुप्पट टाकला तर दहाव्या हिश्शावर. ‘चार क्रेट जास्त टाकले तर काय होतंय’ म्हणणाऱ्याला मी हेच आकडे सांगतो.

आवाज कुठल्या चाकाचा, हे वळणावर कळतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावं चाक तपासा. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी द्या. चेसिसखाली घोडी लावल्याशिवाय कुणीही हात आत घालू नये, हे मी अगदी हात जोडून सांगतो. मग चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट बघा.

कॅलिपर सोडवला की तारेनं वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. हब उतरल्यावर सगळं रॉकेलनं धुऊन उजेडात बघा. रोलरवर बारीक खड्डे, निळसर झाक किंवा गंज दिसला तर ते बेअरिंग गेलंच. धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपनं गरगर फिरवून वाळवण्याची खोड पोरांना फार. कोरडं बेअरिंग त्या वेगात फुटून रोलर अंगावर उडू शकतात.

कोन (रोलर असलेली आतली कडी) नवा आणि कप (हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी) जुना, असं कधीच करू नये. दोन्ही एकमेकांशी जुळूनच झिजतात. जुना कप मागून पितळी पंचानं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोकत काढायचा. नवा बसवताना कान उघडे ठेवा. कप सरकत असतो तोवर हातोड्याचा आवाज बोदा येतो. तळाला टेकला की तो एकदम टणक होतो. तिथं थांबायचं.

लिथियमचं ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, वरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, जादा ग्रीस घुसळून तापतं. सील नवंच टाका. डिस्कला लागलेलं ग्रीस नीट पुसून काढा.

आता नट. सगळं काम बरोबर करून इथं पाना जोरात ओढणारे मी बरेच बघितलेत. घट्ट म्हणजे पक्कं, हा चाकाच्या नटांचा नियम इथं चालत नाही. हब हातानं फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण सैल करायचा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा. स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट सैल बाजूला न्यायचा, आवळायच्या बाजूला नाही. मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतका खेळ ठीक. गाडीच्या पुस्तकात वेगळं माप दिलं असेल, तर तेच प्रमाण. पिन दर वेळी नवी घ्या. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून वाहून जातं आणि शेवटी कोन स्टब एक्सलवर चिकटतो.

अमेरिकेत हेन्री टिमकेन या बग्ग्या बनवणाऱ्यानं 1898 मध्ये टेपर रोलरचं पेटंट घेतलं. गाडीचं वजन आणि वळणावरचा आडवा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगनं पेलावेत हा त्यामागचा विचार होता. तो रेटा तिरप्या रोलरवर नीट वाटला जायला हवा असेल, तर नटाचं माप चुकता कामा नये.

काम झाल्यावर वीसेक किलोमीटर गाडी चालवा आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडा. दिवाळीनंतर कांद्याची ने-आण वाढते. त्याआधी एका सकाळी दोन्ही पुढची चाकं उचलून हलवून बघा.