एकाच शेतात भात आणि कोळंबी!

कोचीला जाणारे बहुतेक जण फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांसमोर फोटो काढतात, मट्टनचेरीत मसाले घेतात आणि दुसऱ्या दिवशी मुन्नारची गाडी पकडतात. तुमचाही बेत असाच असेल तर त्यात एक दिवस वाढवा. शहराला अगदी लागून काही शेतं आहेत. पावसाळ्यात तिथे भात पिकतो आणि भात कापून झाला की त्याच शेतात कोळंबी वाढते. या शेतीला म्हणतात पोक्काळी.

ही शेतं एर्नाकुलम, आलप्पुळा आणि त्रिशूर या तीन जिल्ह्यांच्या किनारी भागात आहेत. पाहायला सोपी ठिकाणं म्हणजे कडमक्कुडीची बेटं, वायपिन आणि कुंबळंगी. २०१९चा ‘कुंबळंगी नाइट्स’ हा मल्याळम सिनेमा पाहिला असेल, तर तिथलं पाणी, होड्या आणि अरुंद बांध तुमच्या ओळखीचे असतील. वायपिनला जायला २०२३पासून कोची वॉटर मेट्रोही आहे. हायकोर्टच्या धक्क्यावरून बसा, लहान मुलांना ही सफर हमखास आवडते. कडमक्कुडीला मात्र रिक्षा किंवा टॅक्सीने, सकाळी लवकर जा. उन्हं चढली की बांधावर सावली शोधावी लागते.

शेत चालतं कसं?

पोक्काळी हा भाताच्या वाणाचाही शब्द आहे. मल्याळममध्ये ‘पोक्कम’ म्हणजे उंची. हा भात खरोखरच उंच वाढतो, कारण त्याला पाण्याच्या वर डोकं काढायचं असतं. शिवाय तो खारटपणा सहन करतो. जूनच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की शेतात मातीचे छोटे उंचवटे करतात आणि त्यांवर मोड आलेलं बी टाकतात. रोपं वाढली की उंचवटे फोडून ती मातीसकट आजूबाजूला पसरतात. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी होते. माणसं कमरेपर्यंतच्या पाण्यात उभी राहून फक्त लोंब्या कापतात. खालचा पेंढा तिथेच राहतो.

खरी गंमत इथून सुरू होते. नोव्हेंबरपासून समुद्राचं खारं पाणी पुन्हा आत येऊ लागतं. बांधाला लाकडी दार असतं. भरतीला ते उघडलं की पाण्याबरोबर कोळंबीची बारीक पिल्लं आत येतात. रात्री दाराशी दिवा टांगतात, म्हणजे ती उजेडाकडे ओढली जातात. पाण्यात कुजणाऱ्या पेंढ्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर कोळंबी पोसते. वेगळं खाद्य टाकावं लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, ओहोटीचं पाणी बाहेर पडताना दारात जाळं लावलं की कोळंबी हातात. एप्रिलच्या मध्यापर्यंत हे चालतं. मग पुन्हा पाऊस, पुन्हा भात. कोळंबीची विष्ठा आणि उरलेला गाळ हेच भाताचं खत. पुढे याच पाण्यात कोळंबी वाढवायची असल्यामुळे परंपरेने इथे ना रासायनिक खत टाकत, ना कीटकनाशक.

गोव्यात राहिलेल्या वाचकांना हे ऐकून खाजणाची आठवण होईल. तिथेही बांध आहेत, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणारी ‘मानस’ आहे आणि कोरगुट नावाचा खारं पाणी सोसणारा भात आहे. एकाच किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणच्या लोकांनी समुद्राशी भांडण न करता त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे शेती बसवली.

पण हे चक्र आता अडखळतं आहे. पाण्यात उतरून भात कापायला माणसं मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. कोळंबीला पैसे जास्त मिळतात. त्यामुळे काही जमीनमालक भात सोडून वर्षभर कोळंबीच ठेवू पाहतात. वरवर हा हिशेब बरोबर वाटतो. मात्र भात नाही तर पेंढा नाही आणि पेंढा नाही तर कोळंबीचं फुकटचं खाद्य नाही. शिवाय खारं पाणी बारा महिने कोंडून राहिलं की त्याचा त्रास शेजारच्या घरांच्या भिंतींना आणि परसातल्या झाडांना होतो. म्हणूनच तिथले अनेक शेतकरी ‘एक पीक भात, एक पीक मासा’ हा जुना नियम पाळा, असा आग्रह धरून आहेत.

कोणती कोळंबी घ्याल?

या शेतांमध्ये मुख्यतः ‘नारन’ म्हणजे पांढरी कोळंबी मिळते. त्याशिवाय ‘तेळ्ळी’ आणि ‘चूडन’ या लहान जाती असतात. बॉल्ससाठी मोठी, महाग ‘कारा’ म्हणजे टायगर कोळंबी घेऊ नका. ती चिरून वाया घालवण्यासारखं आहे. लहान कोळंबी स्वस्त असते आणि चवीला गोड लागते. सोलायला वेळ लागतो खरा, पण घरातल्या दोघा-तिघांनी मिळून बसलं की काम पटकन उरकतं.

ताजी कोळंबी ओळखायला तीन खुणा पुरेत. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, कवच चकचकीत हवं आणि वास समुद्राचा हवा, नाकात झोंबणारा नको. इंदूर, हैदराबाद, दिल्लीसारख्या किनाऱ्यापासून लांबच्या शहरात असाल तर गोठवलेली कोळंबी चालेल. ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्या. एकदा सुटलेली पुन्हा गोठवू नका.

आणि हो, पावसाळ्यात ताज्या कोळंबीचा हट्ट नको. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै आणि केरळमध्ये ९ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आहे.

आप्पेपात्रातले कोळंबी बॉल्स

केरळच्या स्वयंपाकघरात उण्णियप्पम करायला खळग्यांचं जाड पात्र असतं. आपल्या आप्पेपात्राचं ते सख्खं भावंड. त्यातच हे बॉल्स केले तर तळणीची कढई काढावी लागत नाही आणि कोळंबी सोललेली असेल तर अर्ध्या तासात ताट तयार होतं.

साहित्य (१४ ते १६ बॉल्स) : सोललेली कोळंबी ३०० ग्रॅम (त्यासाठी अख्खी साधारण ६०० ग्रॅम आणा), शिजवलेला भात अर्धी वाटी, सांबाराचे छोटे कांदे ६-७ किंवा एक मध्यम कांदा, हिरव्या मिरच्या २, आलं एक इंच, कढीपत्ता १० पानं, ओलं खोबरं २ चमचे, मिरपूड अर्धा चमचा, हळद पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, खोबरेल किंवा घरातलं कुठलंही तेल ३-४ चमचे, वरून पिळायला लिंबू.

कृती : कोळंबीच्या पाठीवरचा काळा दोरा काढा, धुऊन नीट निथळून घ्या. पाणी राहिलं तर गोळा वळणार नाही. अर्धी कोळंबी सुरीने जाडसर चिरा. उरलेली अर्धी मीठ घालून मिक्सरमधून थांबत-थांबत फिरवा. मिठामुळे कोळंबीतली प्रथिनं चिकट होतात, म्हणून इथे अंडं, ब्रेडचा चुरा, बटाटा काहीच लागत नाही. आता चिरलेली कोळंबी, मुठीने कुस्करलेला भात, बारीक चिरलेला कांदा, मिरची, आलं, कढीपत्ता, खोबरं, मिरपूड आणि हळद घालून एकत्र करा. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे वळा. आप्पेपात्र तापवून प्रत्येक खळग्यात तीन-चार थेंब तेल सोडा, गोळे ठेवा आणि मंद ते मध्यम आचेवर तीन मिनिटं झाका. उलटून पुन्हा थोडं तेल सोडा आणि आणखी तीन मिनिटं शिजवा. एक गोळा फोडून बघा. आतली कोळंबी गुलाबी-पांढरी दिसली की गॅस बंद. करडी, पारदर्शक दिसली तर अजून मिनिटभर. जास्त वेळ ठेवली की कोळंबी चिवट होते. लिंबू आधी मिश्रणात घालू नका, वाढताना पिळा.

सोबत पुदिन्याची चटणी किंवा सोलकढी द्या. केरळमध्ये माशाच्या कालवणाला आंबटपणा देणारी कुडमपुळी आणि आपलं कोकम ही एकाच कुळातली फळं, त्यामुळे जोडी छान जमते. डोकी आणि कवचं फेकू नका. दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळलेलं पाणी आमटीला किंवा पुलावाला वापरा.

१०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी अगदी कमी. तळण टाळल्यामुळे हा फायदा टिकून राहतो. कोळंबीत कोलेस्टेरॉल मात्र बऱ्यापैकी असतं, तेव्हा पथ्य असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं. लहान मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर अगदी छोटा तुकडा द्या. ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं असं काही दिसलं तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जा.

कधी जाल?

हिरवंगार भात पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर. कोळंबी पाहायची आणि खायची असेल तर डिसेंबर ते मार्च. उधाणाच्या दिवशी पहाटे बांधावर पोहोचलात तर जाळ्यातून काढलेली कोळंबी तिथेच मिळू शकते. बर्फ आणि घट्ट झाकणाचा डबा जवळ ठेवा.

पण परतताना बॅगेत एक किलो पोक्काळी तांदूळही टाका. तो जाडसर आणि लालसर असतो, शिजायला वेळ घेतो आणि पेजेला फार सुंदर लागतो. कोळंबीला गिऱ्हाईक आहेच, ते शोधावं लागत नाही. गिऱ्हाईक हवं आहे त्या भाताला. आणि घरी बॉल्स कराल तेव्हा गोळा बांधायला त्याच तांदळाचा अर्धी वाटी भात घ्या.