पेव कधी उघडावे?

सोलापूरहून निघालेली एस. टी. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाची मंडळी उतरवते आणि निम्मी रिकामी होते. उरतात ती पुढच्या गावांची माणसे. त्यांच्या तोंडी मराठी आणि कानडी इतक्या सफाईने मिसळलेल्या, की वाक्य कोणत्या भाषेत सुरू झाले आणि कोणत्या भाषेत संपले याचा पत्ता लागू नये. अशा बोलण्याच्या नादात मैंदर्गी येते. नावाला नगरपरिषद; पण चार गल्ल्या ओलांडल्या की काळी जमीन लागते, आणि दिवाळीच्या सुमारास तिच्यावर शाळूची कोवळी हिरवी ताटे डोलत असतात.

हा मुलूख जोंधळ्याचा. शेताला ‘काळी’ आणि गाव वसते त्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची आपली जुनी रीत. काळीत पिकलेला दाणा पांढरीच्या पोटात ठेवायचा, असा पूर्वीचा व्यवहार. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून उंच, कोरडी, मुरमाड जागा पाहून पेव खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे. आत कडब्याचे जाड अस्तर, त्यात जोंधळा, वर पुन्हा कडबा, मग दगड आणि माती. कानडीत त्याला ‘हगेव’ म्हणतात. आता पेवे बुजली. आपल्या बोलण्यात ‘पेव फुटले’ एवढेच शिल्लक राहिले आहे.

पेव भरणे सोपे, उघडणे अवघड. बंद पेवात दाणा श्वास घेतो, आतला प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड साठवतो. त्या कोंडलेल्या हवेत किडे मरतात, धान्य वर्षानुवर्षे टिकते. पण तीच हवा घाईने आत उतरणाऱ्या माणसाचाही जीव घेते. म्हणून आधी तोंड मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडायचा. तो विझला तर कोणी उतरायचे नाही. शिवाय एकदा वारा लागला की सारे पेव रिकामे करावे लागे. दोन पायली काढून पुन्हा झाकले, असे चालत नसे.

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारले, “अज्जा, पेव उघडायची वेळ कशी ठरवत होते?”

“आभाळाला विचारून,” ते म्हणाले. “हस्त पडला, शाळू उगवला, म्हणजे पुढचं साल आलं. मग जुनं उघडायचं. माझ्या आज्यानं एक राखून ठेवलं होतं. ह्या साली नको, पुढच्या साली बघू. असं करत आजाच गेला. उघडलं तर कडेचं सगळं काळं, मधल्याला वास. भाकरी थापायला घेतली की तुटायची.”

आज्याला हसू नये. 1876-77 च्या दुष्काळाने सोलापूरचा मुलूख होरपळला होता. 1972 चा दुष्काळ तर आजही अनेकांच्या आठवणीत आहे. भरलेले पेव म्हणजे घराचा विमा. पण जुन्या दाण्याच्या पिठाची विरी जाते आणि पेरायला तो उगवतही नाही. आज्याला दुष्काळ दिसत होता, दाण्याचे वय दिसत नव्हते.

मौज अशी, की याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकलूजच्या परिसरात, हाच प्रश्न आता बाटलीत येऊन बसला आहे. इटली, दिल्ली आणि अकलूज येथल्या भावांच्या तीन जोड्यांनी मिळून तेथे ‘फ्रातेल्ली’ नावाने वाइनचा कारखाना काढला. नावाचा अर्थच ‘भाऊ’. त्यांच्या ‘सेत्ते’ या तांबड्या वाइनचे पहिले साल 2009. वेल छाटायचे पावसाळा सरता सरता आणि द्राक्षे उतरवायची माघ-फाल्गुनात. म्हणजे पंचांग शाळूचेच! बाटलीवर छापलेले साल हे द्राक्षे तोडल्याचे. ऊन-पाऊस सारखा नसतो, म्हणून दोन सालांचे वय आणि स्वभावही सारखे नसतात.

द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा आणि अंगचा आंबटपणा तांबड्या वाइनला टिकवतो. वर्षे जातात तसा तुरटपणा मवाळ होतो, गाळ खाली बसतो. पुढे फळाचा स्वादही ओसरतो. बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांतच प्यायच्या असतात. दहा-वीस वर्षे थांबण्याजोग्या थोड्या. ठेवायची तर अंधारात, बुचाची बाटली आडवी, बारा ते पंधरा अंशांच्या आसपास. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. तेव्हा माळ्यावर ठेवलेली बाटली जुनी होत नाही, शिजते.

एकाच सालच्या चार बाटल्या असतील तर एक उघडून चव पाहावी. अजून तोंड ओढत असेल तर बाकीच्या वर्ष-दोन वर्षे थांबवाव्यात. स्वाद भरला असेल तर पुढच्या फार लांबवू नयेत. एकच असेल तर उशिरापेक्षा थोडी लवकर बरी. कोवळी वाइन तासभर मोकळ्या हवेत ठेवली तर काहीशी निवळते. गेलेली परत येत नाही.

आणि बाटलीही पेवासारखीच: उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. मैंदर्गीत पेव उघडले की घरच्यांबरोबर शेजारपाजारचेही मदतीला येत, असे अज्जा सांगत होते. “एकट्याचं काम नव्हेच ते,” म्हणाले, आणि कानडीत नातवाला चहा आणायला पिटाळले.