दहा गोळ्यांपासून

मलावरोधासारखा विषय साहित्याच्या पानांवर आणावा की नाही, याविषयी आमच्या मनात बराच काळ संकोच होता. क्षयाला आणि हृदयविकाराला कथा-कादंबऱ्यांत मानाचे स्थान आहे. पोट साफ न होण्याला जागा मिळते ती केवळ विनोदात. आमच्या आईने आयुष्याची अखेरची दोन वर्षे अंथरुणावर काढली. त्या काळात तिचा सर्वांत अधिक छळ याच अवरोधाने केला, हे सांगताना आजही आमची जीभ अडखळते.

म्हणूनच 'मा-झी-रेन वान' या चिनी गोळ्यांची हकीकत वाचनात आली तेव्हा आम्ही थबकलो. त्यांचा पाठ 'शांग हान लुन' या ग्रंथातला. कर्ता झांग झोंगजिंग हा वैद्य. काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभाचा. प्रस्तावनेत तो लिहितो की, त्याचे कुळ दोनशेहून अधिक माणसांचे होते. १९६ पासूनच्या दहा वर्षांच्या आत त्यातील दोन-तृतीयांश माणसे गेली, आणि गेलेल्या दहांतील सात थंडीच्या आघाताने उद्भवणाऱ्या ज्वराने. इतके मृत्यू पाहिलेल्या माणसाने ज्वरावरील ग्रंथात कठीण शौचाच्या तक्रारीलाही जागा द्यावी, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

त्याचे निदान असे: लघवी वारंवार होते आणि मळ मात्र कोरडा पडतो, कारण प्लीहा जखडली गेल्याने शरीरातील ओलावा आतड्यांकडे वळत नाही. यावर सहा द्रव्ये. भांगेच्या झाडाचे बी (नशा बियांत नसते, तेल असते), जर्दाळूच्या बिया, पिओनी या फुलझाडाचे मूळ, कडू संत्र्याच्या जातीचे कोवळे फळ, आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील मॅग्नोलियाची साल आणि रेवाचिनी. साल तर वजनाने न घेता चक्क फुटाच्या मापाने घ्यायची! सर्वांची पूड करून मधात गोळ्या वळायच्या. तेलकट बिया वंगण घालतात. फळ आणि साल आतड्यांना चालना देतात.

यांत खरी जहाल ती रेवाचिनी. चिनी वैद्य तिला 'सेनापती' म्हणतात. आपल्याकडे तिच्या नावातच चीन आहे. पोलंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर मायकल बॉइम मिंग दरबाराची पत्रे घेऊन पोपमहोदयांकडे निघाले असता गोव्यात अडकून पडले आणि १६५१ च्या अखेरीस तेथून खुष्कीच्या मार्गाने पुढे गेले. त्यांनी १६५६ साली व्हिएन्नात छापलेल्या 'फ्लोरा सिनेन्सिस' या ग्रंथात या वनस्पतीचे चित्र दिले आहे. आत्म्यांच्या तारणासाठी गेलेल्या माणसाने पोटाच्या औषधाकडेही पाहिले, ही गोष्ट आम्हांस गौण वाटत नाही.

परंतु आमचे मन अडकले ते मात्रेपाशी. वुतोंग झाडाच्या बीएवढ्या दहा गोळ्या, दिवसातून तीन वेळा. गुण येईपर्यंत हळूहळू वाढवीत जावे, असे झांग सांगतो. सेनापती हाताशी असूनही त्याला घाई नाही.

आम्हांस घाई होती. सकाळी कामावर जायचे असे. आईचे सारे त्याआधी आटोपावे म्हणून आम्ही रात्री सोनामुखीचा भरपूर काढा देत असू आणि तरीही काही झाले नाही तर पहाटे एरंडेल. मग तिला मुरडा येई, चादरी खराब होत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. आम्ही तिला रागावलो नाही, पण चादरी ओढून काढताना आमचे हात मऊ नव्हते.

हाँगकाँगच्या बाप्टिस्ट विद्यापीठातील संशोधकांनी याच चिनी पाठाची सोनामुखीशी आणि निष्क्रिय औषधाशी तुलना केली. २९१ रुग्ण, आठ आठवडे औषध. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध चालू असेतो दोन्हींचा गुण जवळपास सारखाच होता. थांबविल्यावर मात्र चिनी औषधाचा गुण अधिक टिकला. याचा अर्थ कोणी या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्याव्यात असा नव्हे. रेवाचिनी गर्भवतीला वर्ज्य आहे, आणि कडू जर्दाळूच्या बीत विषही असते.

हे सारे आम्ही वाचले ते आई गेल्यानंतर. काढ्याची वाटी पुढे केली की ती म्हणे, "आज थोडाच दे, बाळा. उद्या बघू." आम्ही वाटी पूर्ण रिकामी होईपर्यंत उभे राहत असू.