निळा जॅक

नव्वदचं दशक संपता संपता आपल्या घरांत कॉम्प्युटर आला आणि हॉलमध्ये, आईनं शिवलेल्या कव्हराखाली स्थिरावला. वडिलांच्या लेखी तो मुलांच्या शिक्षणासाठी होता, धाकट्यांच्या लेखी गेमसाठी. पण ज्या घरांत मर्फीचा रेडिओ उघडून बसणारं कुणीतरी होतं आणि माळ्यावर ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे अंक बांधून ठेवलेले होते, तिथल्या पोरांचं लक्ष डब्याच्या पाठीमागच्या तीन जॅककडे गेलं. हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा लाइन-इनचा. निळा बहुतेक घरांत रिकामाच असायचा. आम्हाला तोच हवा होता.

सीआरओ, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आम्ही पाहिला होता तो कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रॅक्टिकलपुरता. घरी घेण्याचा विषय वडिलांच्या पगाराकडे पाहून कुणी काढत नसे. आणि इथे हे साउंड कार्ड निळ्या जॅकवर आलेलं व्होल्टेज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजत होतं! म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल घरच्या पडद्यावर. कूल एडिट हे आवाज रेकॉर्ड करून तपासायचं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी सीडीवरून मिळायचं; पुण्यात बुधवार पेठेतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून ईपी पिन, हातभर शिल्डेड वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा आणल्या की झालं.

आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ४४४० आयसीचा बोर्ड घालून घरीच जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि तो गुणगुणायचा. ही गुणगुण कानानं सगळ्यांनाच ऐकू येई, पण तिचं कारण पडद्यावर कळलं. स्पेक्ट्रम काढला की एक सुळका ५० हर्ट्झवर उभा असे किंवा १०० वर. १०० वरचा मोठा असेल तर दोष पॉवर सप्लायचा: डायोडनंतरचा फिल्टर कपॅसिटर वाळलेला, तो बदलायचा. ५० वरचा मोठा असेल तर बहुधा वायरिंगचा: शिल्ड सुटलेली, किंवा कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही अर्थिंगला जोडल्यामुळे तयार झालेला ग्राउंड लूप. नवा कपॅसिटर सोल्डर करून पुन्हा स्पेक्ट्रम काढला आणि तो १०० चा सुळका खाली बसलेला दिसला, की जो आनंद व्हायचा तो कुठल्याही परीक्षेच्या निकालाला झाला नाही. वडीलही चष्मा लावून वाकून बघायचे.

मग चांगलं कार्ड कोणतं, हा प्रश्न आला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपमध्ये हार्ड डिस्क फिरली, माउस हलला तरी खरखर शिरायची. साउंड ब्लास्टर लाइव्ह गाण्यांना उत्तम. पण ते आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतं, त्यामुळे ४४.१ चा सिग्नल वाटेत बदलला जाई आणि मूळ सिग्नलमध्ये नसलेल्या रेषा स्पेक्ट्रममध्ये उगवत. मोजणाऱ्याला हे परवडत नाही. एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ कार्ड आलं तेव्हा मित्रमंडळीत एकाकडे असलं तरी पुरे व्हायचं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आरसीए सॉकेट, आणि मधे माइकचा अ‍ॅम्प्लिफायर नाही. कागदावर १६ बिटांना ९६ डेसिबल आणि २४ बिटांना १४४ मिळतात. प्रत्यक्षात त्या काळी चांगलं कार्ड १०० च्या आसपास पोचलं तरी ते उत्तम.

खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा आमचा भरवसा एका छोट्या वायरवर होता. तिचं एक टोक कार्डाच्या आउटमध्ये, दुसरं त्याच कार्डाच्या इनमध्ये. एक किलोहर्ट्झचा शुद्ध सूर सोडायचा आणि परत काय येतं ते पाहायचं. दोन-तीन किलोहर्ट्झवर जे सुळके दिसतात ते कार्डाचे स्वतःचे. त्याच्याहून स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायर त्या कार्डानं मोजता येत नाही. राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर हा प्रोग्रॅम हे काम नीट मांडून करायचा. ही चाचणी न करता घेतलेल्या मापांवर मी आजही विश्वास ठेवत नाही.

लाइन-इनला एक-दोन व्होल्टच चालतात. १० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमवर जवळपास ९ व्होल्ट देतो, म्हणून मधे १० किलो आणि १ किलोच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर. ४४४० ब्रिजमध्ये जोडलेला असेल तर स्पीकरची एकही वायर ग्राउंड नसते. तिथे क्लिप लावली की आयसी गेला. आणि घरातली २३० व्होल्टची लाइन थेट जोडायची नाही, हे मोठी भावंडं धाकट्यांना दटावून सांगत.

एक मर्यादा सगळ्यांना सारखीच भेटली. दीड व्होल्टचा सेल निळ्या जॅकला लावला की रेषा एकदा उसळायची आणि शून्यावर परत यायची, कारण आत वाटेत बसलेला कपॅसिटर डीसी अडवतो. म्हणून मल्टिमीटर कधी सुटला नाही. माप व्होल्टमध्ये हवं तर आधी मल्टिमीटरनं ज्ञात सूर मोजायचा, मग पडद्याची पट्टी त्याला जुळवायची, आणि त्यानंतर रेकॉर्डिंगच्या स्लायडरला कुणी हात लावायचा नाही.

आता आपली मुलं यूएसबी इंटरफेस मागतात. फोकसराइट स्कारलेटसारखे बहुतेक डबे गायक आणि गिटारवाल्यांसाठी केलेले असतात. पुढची गेनची कळ गुळगुळीत फिरते, आणि एकदा हलली की काल लावलेली पट्टी आज लागू पडत नाही. मुलांना मी सांगतो, शक्य असेल तर गेन आकड्यात दाखवणारा किंवा मागे थेट लाइन इनपुट असलेला घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, ग्राउंड लूपचा निम्मा त्रास तिथेच जातो. वडिलांच्या जुन्या कॅसेटी उतरवायलाही तोच डबा चालेल, पण आधी ती छोटी वायर लावून बघा.