खासबागेचा शेजारी

कोल्हापुरात ‘आज नाटक कुठं आहे?’ असं सहसा कुणी विचारत नसे. ‘किती वाजता?’ एवढंच विचारायचे. जागा ठरलेलीच असायची. पत्रिकेवर ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ असं पूर्ण नाव छापलेलं असे, पण बोलताना ‘केशवरावला’ म्हटलं की रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळायचं. राज्य नाट्य स्पर्धा केशवरावला, शाळेचं गॅदरिंग केशवरावला, कुणाचा अमृतमहोत्सवी सत्कार केशवरावला, जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्राही तिथंच. आलेल्याला नाही म्हणणं या थिएटरच्या स्वभावात नव्हतं. सकाळी बक्षीस समारंभातल्या पोरांचा गलका आणि रात्री भैरवी, दोन्ही ते सारख्याच मायेनं ऐकून घ्यायचं.

जन्म मात्र राजघरचा. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेला गेले, त्याच प्रवासात त्यांनी रोमही पाहिलं. तिथली भव्य प्रेक्षागृहं त्यांच्या मनात बसली, असं कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पुढं खासबागेत कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. एकीकडं लाल मातीचा आखाडा, दुसरीकडं रंगमंच, आणि दोघांची पाठ एकमेकांना टेकलेली. महाराजांच्या या मांडणीचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. कुस्ती रांगड्यांची आणि नाटक शिकलेल्यांचं, अशी वाटणी त्यांनी होऊच दिली नाही. कुस्त्या बघून उठलेला माणूस कोपरा वळला की नाटकाच्या दारात. या शेजाराचा थिएटरवर परिणाम झाला नसता तरच नवल. इथला प्रेक्षक आवडलं तर आखाड्यातल्यासारखी मोकळी दाद द्यायचा, आणि नट ढिला पडला तर तेही लपवायचा नाही.

१९५७ साली पॅलेस थिएटरचं नाव बदललं आणि कोल्हापूरच्याच सुपुत्राचं नाव त्याला मिळालं. केशवराव १८९०चे, ९ ऑगस्टचा जन्म. पोरवयात नाटक कंपनीत गेले, ‘शारदा’ नाटकातल्या भूमिकेनं गाजले, आणि अठरावं सरायच्या आत, १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. मराठी रंगभूमीवर त्या रात्रीची चर्चा अजून संपलेली नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. एवढं थोडं आयुष्य आणि एवढा उंच सूर. त्या सुराला शोभेल अशी वास्तू गावानं त्यांच्या नावे केली.

शोभेल म्हणतो ते आवाजामुळं. प्रेक्षागृहात नजर अडवणारा खांब नव्हता. रंगमंचाखाली पाण्याचा खड्डा राखलेला, आवाज घुमावा म्हणून, असं जुने रंगकर्मी सांगत. नव्या नटाला तिथं उभं करून ज्येष्ठ मंडळी शेवटच्या रांगेत जाऊन बसत आणि तिथून म्हणत, ‘बोल आता. ओरडू नको, बोल.’ पोरगं बोलायचं आणि शब्द स्वच्छ पोचायचा. पण थिएटर तितकंच कडकही होतं. शब्दाचा शेवट गिळला की तो गिळलेलाच ऐकू यायचा. माईकच्या आधारानं वाढलेल्या आमच्या पिढीला खणखणीत बोलायची सवय लागली ती या भिंतींच्या धाकानं.

त्याचं खरं रूप बघायचं असेल तर स्पर्धेच्या दिवशी बघावं. सकाळी मागच्या बाजूला टेम्पो लागायचा. त्यातून फ्लॅट, लेव्हल, प्लायवुडची खिडकी, कुणाच्या तरी घरचा दिवाण आणि त्याच घरच्या काकूंनी ‘ओरखडा पडला तर बघा’ म्हणून दिलेली तंबी, हे सगळं उतरायचं. बँकेत नोकरी करणारा दिग्दर्शक रजा टाकून आलेला. नायिका शाळेत शिक्षिका, ती दुपारी सुट्टी मागून यायची. नेपथ्यवाला गुडघ्यावर बसून रंगमंचावर खडूनं खुणा करायचा, तेव्हा जवळून बघावं: फळ्यांवर आदल्या दिवशीच्या नाटकाच्या चिकटपट्ट्या, त्याखाली त्याच्याही आधीच्या पुसट रेघा, खिळ्यांची बुजलेली आणि न बुजलेली भोकं. आपली खुर्ची ठेवायला जागा शोधताना बोटाखाली दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची लागायची. वर शिडीवर प्रकाशयोजनाकार एक स्पॉट पुन्हापुन्हा फिरवतोय, खालून कुणी ओरडतंय, ‘दादा, चेहरा मिळंना झालाय!’ रंगपटात आरशासमोर दाटी. संध्याकाळी नटराजाची पूजा, नारळ, मग तिसरी घंटा. अंधारात परीक्षकांच्या टेबलावरचा तेवढा छोटा दिवा. प्रयोग पडला तरी खासबागेतल्या भेळेच्या गाडीवर त्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद व्हायचाच. त्या वादात नट तयार झाले, लेखक तयार झाले. त्यातले काही मुंबईला गेले, मालिकांत दिसू लागले; बरेचसे इथंच राहिले आणि दरवर्षी नवं नाटक करत राहिले. थिएटरला दोघेही सारखेच.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकूड, पडदे, छप्पर, खुर्च्या, सगळं धडधडून पेटलं; पाठीला पाठ लावून असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ लागली. बंबांच्या पाण्यानं आणि राखेनं भरलेल्या रस्त्यावर नट, तंत्रज्ञ, प्रेक्षक उभे होते आणि मोठी माणसं लहान पोरांसारखी रडत होती. जयंतीला सकाळी फुलं घेऊन कलाकार आले ते जळक्या वास्तूपुढं. दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या होत्या. पुनर्बांधणीचा निर्णय लगेच झाला आणि मूळ रूप राखूनच बांधायचं, हा आग्रह सगळ्या गावानं धरला. कोल्हापूरनं एरवी कशावर एकमत केलेलं मला आठवत नाही, यावर केलं.

आगीनंतर काय अडलं ते ज्यांनी नाटक केलं त्यांनाच विचारा. गावात शाहू स्मारक भवन आहे, १८८३ पासून गाणं जपणारा गायन समाज देवल क्लब आहे, १८५०चं करवीर नगर वाचन मंदिर आहे. सांस्कृतिक जागांच्या बाबतीत कोल्हापूर श्रीमंतच म्हणायचं. पण खोल रंगमंच, भरपूर विंगा आणि फ्लॅट उतरवायला मागचं दार, हे जिथं एकत्र मिळेल अशी दुसरी जागा शोधताना संस्थांची दमछाक झाली. मोठं नेपथ्य मागणारी संहिता बाजूला ठेवायची, हा विचार तालमीच्या पहिल्या दिवशीच मनात येऊ लागला. ज्या पोरांनी रंगभूमीवर पहिलं पाऊल याच काळात टाकलं, त्यांना त्या शेवटच्या रांगेची परीक्षा द्यायलाच मिळाली नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

दगड जुळतील, छप्पर होईल, खुर्च्या पूर्वीपेक्षा मऊ येतील. काळजी आहे ती भाड्याची आणि तारखांची. खर्च मोठा झाला की तो भाड्यातून काढावा असं कुणाला तरी वाटणारच, आणि मग बँकेतल्या त्या दिग्दर्शकाच्या खिशाला ते झेपणार नाही. पूर्वीही मोठ्या कार्यक्रमापुढं हौशी संस्थेची तारीख हलायची. मग आठवडाभर राबलेली पोरं टेम्पोवाल्याला फोन करत बसायची. म्हणून आत्ताच लिहून ठेवावं: तालमीसाठी सकाळचे तास सवलतीत, हौशी संस्थांना दिलेली तारीख कुणासाठीही न हलवणं, मागच्या दारापाशी टेम्पोला वळायला जागा, आणि आग विझवण्याच्या यंत्रणेची दरवर्षी सगळ्यांसमोर चाचणी. तारखांची नवी वही उघडेल तेव्हा पहिला आठवडा गावातल्या हौशी मंडळींना द्यावा. उद्‌घाटनाची भाषणं त्यानंतर खुशाल होऊ देत.