पाठकोऱ्या पावत्या

१.
फेब्रुवारी २०२५. पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या बेटेगाव नाक्यावर सकाळी कंपनीची बस आणि ठेकेदाराची गाडी साधारण एकाच वेळी येतात. टपरीवर विषय बजेटचा. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणजे काय, हे एक जण समजावून सांगतोय. दुसरा म्हणाला, "आपल्याला काय त्याचं! आपण थोडाच टॅक्स भरतो?" एवढं बोलून त्याने पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा फोडला.

२.
त्या पुड्यावर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता.

३.
२२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. पाचाचा पुडा साडेचारला विकायचा, तर सुटे कुठून आणायचे? फरक वजनात भरून काढू, असा तोडगा कंपन्यांनी सुचवला. बिस्किटाचा पुडा कोण तोलून घेतो?

४.
तारापूर एमआयडीसीतल्या एका हेल्परचं पगारपत्रक पाहिलं. चौघडी घातलेलं, घड्यांवर शाई उडालेली. कपातीच्या रकान्यात पीएफ, त्याखाली ईएसआय, त्याखाली 'पीटी २००'. पीटी म्हणजे काय, विचारलं. "कंपनी कापते," म्हणाला. कंपनी कापते, पण सरकारसाठी. व्यवसाय कर. महिना १०,००० च्या वर पगार गेला की दरमहा २००. वर्षाचे २,५००.
त्याच कंपनीच्या जनरल मॅनेजरचेही वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने वरची मर्यादा तिथेच ठेवली आहे. १९८८ पासून ती हललेली नाही.

५.
फेब्रुवारी २८ दिवसांचा. त्या महिन्याची कपात ३००.

६.
एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ. पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या बायकांच्या हातात महिना २०० जास्त पडू लागले. मालकाने काहीही न देता झालेली ही पगारवाढ.

७.
हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. शहरातल्या आणि कारखान्यातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, त्यावर दुष्काळातल्या माणसाला त्याच्या गावात काम मिळायचं. वि. स. पागे यांच्या या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. देशाला अशी हमी मिळायला २००५ उजाडावं लागलं.
थोडक्यात, बोईसरच्या पगारातून पैसा जव्हार-मोखाड्याला जावा.

८.
दिवाळीनंतर बोईसरच्या मजूर नाक्यावर पाहिलं तर जव्हार-मोखाड्याची माणसं. बायकांच्या हातात घमेली, पुरुषांच्या खांद्यावर फावडी, पोरं कडेवर.

९.
चिल्हार रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या आहेत. गिऱ्हाईक बहुतेक नोकरदार, भाड्याच्या खोलीला कंटाळलेले. घराची नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. म्हणजे पंधरा लाखांच्या घराला १५,०००. तीस लाखांच्या घराला ३०,०००. मलबार हिलच्या तीस कोटींच्या घराला ३०,०००.

१०.
घरगुती वीजबिलात 'वीज शुल्क १६ टक्के' असा एक रकाना असतो. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ चं, देशातलं पहिलं. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी उठली. रकाना सगळीकडे सारखाच.

११.
किराणा दुकानातलं पाटीवर न लिहिलेलं कोष्टक: सुट्या तांदळाला जीएसटी नाही. पाच किलोच्या छापील पिशवीला ५ टक्के. २६ किलोच्या पोत्याला पुन्हा नाही. जुलै २०२२ मध्ये नियमाची रेघ २५ किलोवर मारली गेली आणि लवकरच २६ किलोची पोती बाजारात आली. ज्याच्याकडे २६ किलोचे पैसे एकदम आहेत, तो रेघेच्या पलीकडे.

१२.
शाळेच्या वहीवर जीएसटी शून्य झाला. पुस्तक छापायच्या कागदावर १२ चे १८ झाले. विडी २८ वरून १८ वर उतरली.
म्हणजे पुस्तकाचा कागद आणि विडी आता एका रांगेत.

१३.
एका पाड्यावर घरपट्टीची पावती पाहायला मागितली. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला आणि पावती, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी आढ्याला टांगलेली. उंदीर आणि पाऊस दोन्हींपासून लांब. घराच्या भिंती कुडाच्या. पावतीवर ओळीने घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. "बाकी ठेवून चालत नाही दादा, दाखला अडतो," घरधनीण म्हणाली. दिव्याचा खांब कुठे आहे, विचारलं. पोराने ओहोळापलीकडे बोट दाखवलं.

१४.
बोईसरला रेल्वे, एमआयडीसी, शेजारी अणुऊर्जा केंद्र, आता बुलेट ट्रेनचं स्थानक. कारभार ग्रामपंचायतीचा.

१५.
२०१९ चा जमाखर्च. सप्टेंबरात केंद्राने कंपन्यांचा आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५. बिस्किटाचे १८ तसेच राहिले.
हेही लिहायला हवं: त्याच वर्षी जुलैत ईएसआयची कामगाराच्या पगारातली कपात पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आली.

१६.
एसटीत महिलांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून. बोईसर आगारातून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत बायकाच बायका. आठवडी बाजार, दवाखाना, माहेर. सवलतीचे पैसे सरकारने एसटीला द्यायचे. प्रवासी कराचे साडेसतरा टक्के एसटीने सरकारला द्यायचे. दोन्ही व्यवहारांत उशीर झाल्याची ओरड एकाच बाजूने ऐकू येते.

१७.
सातपाटी. मच्छीमाराने बोटीत डिझेल पूर्ण भावाने भरायचं, त्यातला राज्याचा कर नंतर परत मिळायचा. परतावा थकला की सोसायटीत एकच प्रश्न, "सुटलं का?"

१८.
दमणची दारू स्वस्त, म्हणून ती इकडे येते. गुजरातचं डिझेल स्वस्त, म्हणून तलासरीची गाडी तिकडे जाते. सिल्वासाचं सरकारी रुग्णालय बरं, म्हणून पेशंट तिकडे जातो. या तिन्हींत तपासणी फक्त दारूची होते.

१९.
जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिना १,५००. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर, देशीचंही वाढवलं. एकूण अपेक्षा जादा १४,००० कोटींची.
बहिणीच्या खात्यात १,५०० येतात. दाजींकडून किती जातात, तो हिशेब बहीण ठेवते.

२०.
मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींच्या वर आणि सामाजिक न्यायचे ४१० कोटींच्या वर वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली. वळवलेल्या पैशातून आदिवासी बहिणीलाही १,५०० मिळतातच, असं यावर उत्तर देता येतं. तिच्या मुलाच्या आश्रमशाळेबद्दल ते काही सांगत नाही.

२१.
सूर्या प्रकल्पाचं धरण बांधलं इथल्या शेतीसाठी. प्रादेशिक योजनेतून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी द्यायचं ठरलं: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. जलवाहिनी जिथून जाते, त्यातल्या काही पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात. टँकर सरकारी तिजोरीतून येतो.

२२.
जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. मुद्दा जमाखर्चाचाच: महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्या निवेदनात जीएसटी सोडून सगळं आहे.

२३.
बोईसरजवळ दांडी नावाचं गाव आहे. १९३० ची दांडी ती नव्हे, ती गुजरातेत. मिठावर आज जीएसटी शून्य आहे. एवढ्या एका बाबतीत दोन्ही दांड्या खूश असाव्यात.

२४.
१ ऑगस्ट हा महसूल दिन. पालघर जिल्हा जन्माला आला १ ऑगस्ट २०१४ ला. मुहूर्त कोणी काढला, ठाऊक नाही, चांगला काढला.

२५.
ओळखीच्या एका सीएंना विचारलं, गरीब माणूस नेमका किती कर भरतो? ते म्हणाले, "त्याचं रिटर्न नसतं, त्यामुळे सांगता येत नाही."

२६.
पंधराव्या वित्त आयोगाच्या मुदतीत, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्याच्या पैशातला ६० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू असलेल्या गावांना, आदिवासी उपयोजनेचे ५ टक्के थेट मिळतात, २०१५ पासून. हे पैसे कुठे गेले, हे विचारायला मंत्रालयात जावं लागत नाही. ग्रामसभेत जमाखर्च मांडावाच लागतो.

२७.
ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा. साध्या ग्रामपंचायतीत गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो. पेसाचे नियम वेगळे. तेवढेही आले नाहीत, तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरते.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.